थेरपी पहिल्यांदा सुरू करताना

थेरपीला जायचं मनात ठरतं, पण गाडं अडतं ते पहिल्या फोनपाशी. ‘काय होतंय?’ असं विचारलं तर सांगायचं काय? त्यासाठी आधी आठवडाभर रोज दोन ओळी लिहा: झोप किती लागली, जेवण गेलं का, कशावरून बिनसलं, कुठलं काम टाळलं. मग एखादं वाक्य आपोआप हाती लागतं. ‘दोन महिने पहाटे तीनला जाग येते आणि कामाचे फोन उचलवत नाहीत.’ एवढं पुरे. निदान करून जायची गरज नाही.

जायचं कोणाकडे? सायकियाट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधं देतात. सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक मुख्यतः बोलण्यातून उपचार करतात. भास होत असतील किंवा झोप-भूक पार उडाली असेल, तर आधी सायकियाट्रिस्टला दाखवा. जीव द्यावासा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच क्षणी जवळच्या कोणाला तरी सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

फोनवर शिक्षण, परवाना किंवा नोंदणी, अशा त्रासावर काम केल्याचा अनुभव, फी आणि सेशन रद्द करण्याचा नियम हे सगळं विचारा. त्यात संकोच कसला? मित्र किंवा नातेवाईक थेरपिस्ट असला तरी त्याच्याकडे नको. घरच्या माणसासमोर आपण नकळत हातचं राखून बोलतो.

सेशन साधारण 45 ते 60 मिनिटांचं असतं. पहिल्यात बराचसा वेळ माहिती घेण्यात जातो: घरची माणसं, आजार, चालू औषधं, व्यसनं, आधीचे उपचार. ‘नुसते प्रश्नच विचारले’ म्हणून अनेक जण पुन्हा फिरकत नाहीत. घाई करू नका, या माहितीवरच पुढची दिशा ठरते. गोपनीयतेला कुठे अपवाद आहे तेही सुरुवातीलाच विचारून घ्या. जिवाला धोका असेल तर थेरपिस्टला इतरांना कळवावं लागू शकतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेळेचा. चाळीस मिनिटं ऑफिसबद्दल बोलायचं आणि उठता उठता, चपला घालताना म्हणायचं, ‘तसं घरीही बरंच चाललंय.’ खरं दुखणं तेच असतं, पण तोवर वेळ संपलेली असते. जे बोलायला जड जातंय ते चिठ्ठीवर लिहून आत गेल्या गेल्या हातात द्या. तोंडून काढलंच पाहिजे असं नाही.

सेशननंतर अर्धा तास मोकळा ठेवा. जुनं वर आल्यामुळे कधीकधी जास्तच उदास वाटतं. लगेच मीटिंगला बसणं जड जातं. ऑनलाइन सेशन असेल तर दार लावा, हेडफोन घाला. पलीकडच्या खोलीत कोणी ऐकतंय असं वाटलं की माणूस हवापाण्याच्या गप्पांवर येतो.

जुळतंय का, हे बहुधा तीन-चार सेशनमध्ये कळतं. एखादं बोलणं लागलं असेल तर ‘मागच्या वेळचं तुमचं वाक्य मला लागलं’ असं तिथेच सांगा. चांगला थेरपिस्ट ते ऐकून घेतो, आणि पुष्कळदा खरं काम तिथूनच सुरू होतं. मात्र जो तुम्हाला हिणवतो, खात्रीने बरं करायची हमी देतो किंवा शारीरिक जवळीक साधू पाहतो, त्याच्याकडे एकदाही परत जाऊ नका.

सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) यासारख्या पद्धतीत आठवड्याला एक या हिशेबाने बऱ्याचदा 12 ते 20 सेशन लागतात. मधल्या दिवसांत घरी करायचा सरावही असतो. तो झाला नाही तर सेशन चुकवू नका. का जमलं नाही, ते जाऊन सांगा. आणि औषधं चालू असतील तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.