लाकडी चॉपिंग बोर्ड पावसाळ्यात कसा टिकवायचा

माझा पहिला लाकडी चॉपिंग बोर्ड पहिल्याच पावसाळ्यात गेला. चूक माझीच. रात्री कांदा कापून तसाच सिंकमधे खरकट्या भांड्यांखाली सोडून द्यायचो, सकाळी धुवून ओट्यावर आडवा टाकायचो, असं चारपाच वेळा झालं आणि एक दिवस जोडावर चक्क फट, खालून काळी बुरशी वेगळीच. आता दुसरा बोर्ड नीट चाललाय, म्हणून लिहितोय. पोळपाटालाही बरंचसं हेच लागू.

लाकडाला पाणी लागलं म्हणून ते बिघडत नाही, एका बाजूने ओलं राहिलं की बिघडतं. ओली बाजू फुगते, कोरडी तशीच राहते, मग बोर्ड वाकतो नाहीतर फाटतो. त्यामुळे साबणाने धुवा बिनधास्त, पण दोन्ही बाजू धुवा आणि मिनिटभरात उरका, भिजत घालायचा नाही, डिशवॉशरमधे तर अजिबातच नाही. मग फडक्याने पुसून उभा ठेवायचा, भिंतीला टेकवून नाही, दोन्हीकडून वारा लागला पाहिजे. मी सरळ ताटाळ्यात ठेवतो. जुलै-ऑगस्टमधे मुंबईत असंही काही वाळत नाही, तेव्हा अर्धा तास पंख्याखाली. आणि उलट मे महिन्यात गच्चीवर दिवसभर कडक उन्हात टाकू नका, तडकतो.

आता तेल, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल ही तेलं लावायची नाहीत कारण ती लाकडात राहून खवट होतात, मी तिळाचं लावलं होतं, महिन्याभराने कापलेल्या काकडीला पण वास यायला लागला. आई पोळपाटाला खोबरेल लावते, ते त्यामानाने उशिरा खवट होतं, त्यामुळे तिच्याशी वाद घालत नाही. पण बोर्डाला मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. ते पोट साफ व्हायला देतात, त्यामुळे मेडिकलवाला जरा सहानुभूतीने बघतो, बघू द्या. दुधाळ मिक्स्चर मिळतं ते नको, पाण्यासारखं पारदर्शक हवं, आणि लेबलवर आयपी (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधाच्या दर्जाचं) लिहिलेलं बघा. शिलाई मशीनचं तेल किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल नको, या जवसाच्या तेलात लवकर वाळावं म्हणून बहुतेक वेळा धातूंचे क्षार घातलेले असतात.

बोर्ड खडखडीत वाळलेला असतानाच तेल भरपूर ओतून हाताने चोळा, कडांना जास्त कारण पाणी तिथूनच शिरतं, रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी उरलेलं पुसून टाका. नवीन बोर्ड असेल तर असं तीनचार रात्री करा, मग महिन्यातून एकदा पुरतं. कळत नसेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा, मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, जिरला तर तेल मागतोय.

लसणाचा वास जायला जाडं मीठ टाकून अर्ध्या लिंबाने घासा. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नका, हळदीत चुना घातला की कुंकू होतं तसलाच प्रकार. डाग कोवळ्या उन्हात दोनतीन दिवस तासभर ठेवून फिका पडतो, घासत बसू नका.

वरवरची बुरशी असेल तर पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, नीट वाळवा, मग १२० नंबरचा आणि नंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच, आणि परत तेल. काळं खोलवर गेलं असेल तर टाकून द्या, जीव अडकवू नका. बोर्ड वाकला असेल तर खोलगट बाजू खाली करून ओल्या फडक्यावर पालथा घाला, वर डाळीचा डबा ठेवा, रात्रभरात बराच सरळ होतो. मग उभा करून वाळवा.

मासे-चिकनला बोर्ड वेगळाच ठेवा, तिथे काटकसर नको. भाजीच्या बोर्डाच्या पण मी बाजू वाटून घेतल्यात, एका कडेला खिळ्याने 'ल' कोरलाय, लसणाचा ल. पपई दुसऱ्या बाजूला.