गावातलं नेट शेतावर नेताना: ५०० मीटरची वायरलेस लिंक

गावातल्या घरी फायबर आलंय आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या शेतघरी चार कॅमेरे चालवायचेत, तर दुसऱ्या कनेक्शनची गरज नाही. दोन्ही छतांवर एकेक ५ गीगाहर्ट्झचा सीपीई (एका दिशेला तोंड करून बसवायचा, अँटेनासह आउटडोअर वायरलेस डबा) लावला की भागतं. टीपी-लिंकचा सीपीई ५१० (१३ डीबीआय अँटेना; डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप) किंवा त्या तोडीचा कुठलाही चालेल. घरच्या राउटरला 'बूस्टर' जोडून वायफाय शेतापर्यंत ताणायच्या भानगडीत पडू नका.

खरी मेख मधल्या जागेत आहे. समोरचं छत दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. लहरींना मधोमध फुगलेला पट्टा लागतो. ५०० मीटर अंतर आणि ५.८ गीगाहर्ट्झला त्याची त्रिज्या मध्यावर अडीच मीटर भरते. त्यातली ६० टक्के, म्हणजे दीड मीटर, तरी मोकळी हवी. मे महिन्यात पाहणी केली तर रान मोकळंच दिसणार. ऊस वाढला की साडेतीन मीटरवर जातो. वर दीड मीटर धरा: सपाट जमिनीवर दोन्ही टोकं किमान पाच मीटर उंच हवीत. वाटेत आंबा किंवा सुबाभूळ आडवी येत असेल तर सीपीई ज्यावर बसवणार तो पाइप वाढवा, नाहीतर जागा बदला. पानांतून सिग्नल काढायची आशा धरू नका.

केबल पूर्ण तांब्याची, आउटडोअर, शील्डेड कॅट-६ घ्या. स्वस्तातल्या सीसीए केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि सीपीई आपोआप रीस्टार्ट होत राहतो. सीपीईला वीज नेटच्याच केबलमधून जाते (याला पीओई म्हणतात), ती देणारा अडॅप्टर ते सीपीई हे अंतर ६० मीटरच्या आत ठेवा. दीड इंची जीआय पाइप, क्लॅम्प, सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग दोन्हीकडे.

सेटिंग वर चढण्याआधी टेबलावरच उरका. राउटर १९२.१६८.१.१ असेल तर घरचा सीपीई १९२.१६८.१.२, मोड ॲक्सेस पॉइंट, शेतावरचा १९२.१६८.१.३, मोड क्लायंट. दोन्ही ब्रिजसारखे चालवा, म्हणजे राउटर मोड नको, घर आणि शेत एकाच नेटवर्कवर राहतं. देश भारत, पासवर्डची सुरक्षा डब्ल्यूपीए-२, चॅनल १४९. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २०१८ पासून विनापरवाना आहे. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ पुरे. चार कॅमेऱ्यांना प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तरी १६ होतात, लिंक त्याच्या कितीतरी पट देते. अंतराच्या रकान्यात खरं अंतर भरा. शेतावर वेगळा राउटर लावणार असाल तर त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, म्हणजे पत्ते घरचाच राउटर वाटेल, आणि केबल वॅनमध्ये नव्हे, लॅनमध्ये घाला. इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात.

अडॅप्टरवर दोन पोर्ट असतात: पीओई लिहिलेला सीपीईकडे, लॅन लिहिलेला राउटरकडे. उलटं केलंत तर २४ व्होल्ट राउटरमध्ये शिरतात.

आता दिशा. एक माणूस या छतावर, एक त्या, फोन चालू. आधी डावी-उजवी, मग वर-खाली. एका वेळी एकाच टोकाने हलवायचं. सीपीईच्या पानावर सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये दिसतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. तो चढून उतरू लागेपर्यंत फिरवा, मग मागे येऊन कमाल जागी आवळा. २० डीबीएम पॉवरवर हिशेब असा: पॉवर २० + दोन्ही अँटेनांचे १३ + १३ − वाटेत घटणारे १०२, म्हणजे उणे ५६ च्या आसपास. दोन-चारचा फरक चालतो. उणे ७० दिसत असेल तर दिशा चुकलीय किंवा वाटेत काहीतरी आहे. पॉवर वाढवून ते सुटत नाही.

केबल सीपीईत शिरण्याआधी खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. पावसात लिंक तुटली की लोक ढगांना दोष देतात. ५०० मीटरवर या फ्रिक्वेन्सीला पावसाने नगण्य फरक पडतो. आधी कनेक्टर उघडून हिरवट गंज चढलाय का ते बघा. मग वाढलेल्या फांद्या. वळवाचा गडगडाट सुरू व्हायच्या आत मात्र दोन्हीकडची पॉवर आणि लॅन केबल काढून ठेवा, सर्ज प्रोटेक्टर असला तरी.

शेतीच्या फीडरवर चोवीस तास वीज नसते, म्हणून त्या टोकाला छोटा इन्व्हर्टर लागेलच. सीपीईसाठी १० वॅट धरा, कॅमेरे आणि रेकॉर्डर वेगळे.