जाण्यायेण्यापायी करार मधेच सोडायचा असेल तर

माझा करार अकरा महिन्यांचा होता, सोडला सातव्यात. काम हिशेबाचं, आठवड्यातून तीन दिवस, महिन्याला १४,००० रुपये. ऑगस्टमध्ये सुरू केलं तेव्हा मालकाचं ऑफिस सोलापुरात नव्या पेठेत होतं. दिवाळीनंतर ते उचलून चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात नेलं, आणि माझी वरात सुरू झाली. जुळे सोलापुरातून शेअर रिक्षाने सात रस्ता, तिथून दुसरी रिक्षा एसटी स्टँडला, मग मोहोळकडे जाणारी साधी गाडी. जलद गाडी फाट्यावर थांबत नाही. फाट्यावर उतरून गेटपर्यंत वीस मिनिटं चालायचं. थंडीत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे असले की वाटेतल्या बाळे भागापासूनच गाडी रांगते. एका बाजूला पावणेदोन तास.

स्कूटी आहे की, असं सगळे म्हणाले. त्यांनी एकदा पुणे रोडवर कंटेनरच्या शेजारून स्कूटी चालवून बघावी.

तुमचंही असंच चाललं असेल तर आधी एक महिना डायरीत लिहा. निघालो कधी, पोचलो कधी, खर्च किती. हे मालकाला दाखवायला नाही, स्वतःसाठी. माझे महिन्याला तेरा दिवस भरायचे, कारखान्यात रोज सहा तास. म्हणजे ७८ तास, तासाला १८० रुपयांच्या आसपास. त्यात येण्याजाण्याचे साडेतीन तास धरले आणि एसटीला बायकांचं अर्धं तिकीट असूनही रोजचे जाणारे शंभर रुपये वजा केले, तर तोच तास शंभराच्या जरा वर आला. दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात वीस वर्षं गेली, स्वतःचा हा एवढा हिशेब मांडायला मला दोन महिने लागले.

मग करार काढा आणि सावकाश वाचा. माझा करार कुणीतरी भाडेकरारावरून उचललेला होता, एका कलमात 'सदर जागा सुस्थितीत परत करणे' असं तसंच राहिलेलं. पण कामाचं होतं ते होतं: दोन्हीकडून एक महिन्याची लेखी सूचना. कामाचं ठिकाण पत्त्यासकट लिहिलेलं असतं तर मला बोलायला जागा होती, कारण करारातली अट एकट्याला बदलता येत नाही, दोघांची संमती लागते. माझ्यात नुसतं 'कंपनीच्या कार्यालयात' असं होतं. कार्यालय चंद्रावर नेलं तरी चाललं असतं. रस्ता लांब पडतो हे काही करार मोडायचं कायदेशीर कारण होत नाही, म्हणून सूचनेच्या कलमातूनच बाहेर पडायचं. असं कलमच नसेल तर निदान कामाचं एक पूर्ण चक्र होईल इतकी मुदत द्या.

'मधेच सोडल्यास तीन महिन्यांची फी भरावी लागेल' अशी ओळ दिसली तर लगेच घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. आपसूक सगळी रक्कम मिळत नाही. आणि वैयक्तिक कौशल्याचं काम कोर्ट कुणाकडून जबरदस्तीने करून घेत नाही. पण म्हणून उद्यापासून येत नाही असं करू नका. फार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याचं काम मी व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकून सोडलं होतं. दीड महिन्याची फी बुडाली ती बुडालीच. मागायला तोंडही राहिलं नव्हतं.

सोडण्याआधी एकच पर्याय पुढे ठेवा, एकच, आणि त्याला तारीख लावा. मी डिसेंबरात म्हटलं, दोन दिवस घरून करते, एक दिवस येते, हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर एनीडेस्कवरून, म्हणजे घरबसल्या ऑफिसचा संगणक उघडून, चालतं. इथे माझी चूक झाली. पर्यायाबरोबर मी रस्त्याची सगळी कहाणी सांगितली, आणि "कधीपर्यंत सांगता?" हे विचारायचं राहिलं. मालक म्हणाले, "बघू की ओ मॅडम, पेट्रोलला हजार वाढवून देतो." झालं. बोलणं रस्त्यावरून पेट्रोलवर आलं, पेट्रोलवरून फीवर, आणि पाच आठवडे 'बघू'मध्ये गेले. मध्ये सिद्धेश्वराची यात्रा आली, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी शहरातले रस्ते वळवले, त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा साडेआठ वाजले होते. कारण सांगितलं की समोरचा त्याच्यावर तोडगा काढायला बसतो, त्यात त्यांचाही दोष नाही. म्हणून पुढच्या वेळी मी फक्त तारीख सांगितली.

तारीख कामाच्या चक्रात बसवा. हिशेबाच्या कामात सातला टीडीएस, म्हणजे इतरांचे पैसे देताना कापलेला प्राप्तिकर, भरायचा, अकराला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण, पंधराला पीएफ, वीसला ३बी हे जीएसटी भरायचं विवरण. वीसच्या आधी सोडणं म्हणजे भाजी फोडणीला टाकून निघून जाणं. म्हणून मी २४ जानेवारीला सूचना दिली आणि शेवटचा दिवस २५ फेब्रुवारी धरला. मार्चमध्ये सोडू नका. नवा माणूस वर्षअखेर सावरू शकत नाही, आणि मग ऑडिट होईपर्यंत फोन तुम्हालाच येत राहतात.

आधी तोंडी सांगा, त्याच दिवशी ईमेल करा. मी सकाळचा चहा झाल्यावर केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "२५ फेब्रुवारीपर्यंत मी आहे. तोवरचं सगळं पूर्ण करून देते." मालक म्हणाले, "काय की ओ मॅडम, मधीच सोडायलाव? पगार कमी पडायलाय का?" मी म्हटलं, "नाही, मला रोजचं येणं झेपत नाही." तेवढंच. हजाराचे दोन हजार झाले तेव्हाही तेच वाक्य. ईमेल असा:

"१ ऑगस्टच्या करारातील कलम ७ नुसार एक महिन्याची सूचना देत आहे. माझ्या कामाचा शेवटचा दिवस २५ फेब्रुवारी राहील. जानेवारी महिन्याचे टीडीएस, जीएसटी व पीएफचे काम पूर्ण करून देईन. नवीन व्यक्तीस १६ फेब्रुवारीपासून काम समजावून देईन. तोपर्यंत कोणी न आल्यास सर्व माहिती लेखी देईन. हा ईमेल मिळाल्याचे कृपया कळवावे."

शेवटची ओळ गाळू नका. मला उत्तर आलं ते नुसतं 'ओके', तेही चालतं.

खरी किचकट गोष्ट पुढे आहे. आपल्याकडे मालक ओटीपीच्या भानगडीत पडत नाहीत, हिशेबनीसाचाच नंबर देऊन टाकतात. जीएसटी पोर्टलवर, प्राप्तिकराच्या लॉगिनला, पीएफला, सगळीकडे माझा मोबाइल आणि माझा ईमेल. ते बदलल्याशिवाय बाहेर पडलात तर सुटका नाही. जीएसटीवर नंबर बदलायला नव्या नंबरवर ओटीपी जातो, तेव्हा मालक समोर बसलेले असताना करा. त्यांच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन माझ्या पर्समध्ये असायचा. तो परत करताना कागदावर लिहून पोच सही घेतली. टॅलीचा बॅकअप त्यांच्या पेनड्राइव्हवर, त्याचीही पोच. पासवर्डची यादी हातानं लिहून पाकिटात घालून दिली, माझ्या फोनमधली पुसली.

पैशाचं बिल शेवटच्या दिवशी देऊ नका, आठ दिवस आधी द्या. फेब्रुवारीत मी अकरा दिवस भरणार होते, तेवढ्यांचंच दिलं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यावसायिकांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन फुकट होते, ती करार करण्याआधीच करून ठेवावी. नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटून मार्चअखेर थकले तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. हे मालकाला मी वेगळं सांगितलं नाही, बिलावर उद्यम नंबर ठळक टाकला. त्यांच्या सीएंना बरोबर दिसला. पैसे १० मार्चला आले. कापलेला टीडीएस प्राप्तिकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर जमा दिसतो का ते मात्र नंतर स्वतः बघावं लागतं.

एवढं सगळं करूनही ६ मार्चला रात्री साडेनऊला माझ्या फोनवर ओटीपी वाजला. गाडीतून माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाच्या पोर्टलवरचा नंबर बदलायचा राहिला होता. लगेच नव्या मुलाचा फोन, "मॅडम, गाडी भरून गेटवर थांबलीय, ड्रायव्हर ओरडायलाय." सहा आकडे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याला फोन करून तोही नंबर बदलून घेतला.