या चुका टाळा: डेल्टा जी नॉटवरून 'के' काढताना

सांगलीत, विश्रामबागेत बारावीच्या मुलांना शिकवताना एक गोष्ट ध्यानात आली. डेल्टा जी नॉट (प्रमाण मुक्त ऊर्जेतला बदल) वरून के, म्हणजे समतोल स्थिरांक, काढायच्या धड्यातलं चुकलेलं उत्तरच बहुतेक वेळा सांगतं, पाय कुठं घसरला ते.

अमोनियाचं गणित घ्या. एक मोल नायट्रोजन, तीन मोल हायड्रोजन, दोन मोल अमोनिया. २९८ केल्विनला डेल्टा जी नॉट साधारण उणे ३३ किलोज्यूल. डेल्टा जी नॉट = उणे आरटी एलएन के (आर वायू स्थिरांक, टी केल्विनमधलं तापमान, एलएन नैसर्गिक लॉग), म्हणून के सुमारे ६ लाख.

तुमचा के १.०१ आला? मग किलोज्यूलचे ज्यूल केलेले नाहीत; आर ८.३१४ आहे तो ज्यूलमध्ये. १० चा १३वा घात आला तर २.३०३ गाळला, एलएनच्या जागी १० पायाचा लॉग धरला; एलएन म्हणजे २.३०३ गुणिले लॉग. बोर्डाच्या पेपरात लॉग टेबलच हाताशी, त्यामुळे ही चूक दरवर्षी हटकून. आणि थेट १० चा ६९वा घात? तापमान २५ अंश सेल्सिअसचं २५ च टाकलंय, केल्विनमध्ये २९८ करा. उणे चिन्ह विसरणाऱ्यांचा के एकापेक्षा फार लहान येतो.

या झाल्या हिशेबाच्या चुका. खरी गोची पुढं आहे. 'समतोलाला डेल्टा जी शून्य' हे पाठ असतं, मग पोरं डेल्टा जी नॉटच शून्य धरतात. तसं असतं तर प्रत्येक अभिक्रियेचा के १ आला असता! शून्य होतो तो नुसता डेल्टा जी, म्हणजे त्या क्षणाच्या मिश्रणाचा. 'नॉट'वाला प्रत्येक वायू १ बार दाबाला असतानाचा. दिलेल्या तापमानाला तो हलत नाही.

डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड फुटून नायट्रोजन डायऑक्साइड होतो, तिथं डेल्टा जी नॉट अधिक ४.७ किलोज्यूल. 'धन आहे, म्हणजे होणारच नाही,' असं वर्गात कोणीतरी म्हणतंच. पण के ०.१५ आहे, शून्य नाही. क्यू (के सारखंच गुणोत्तर, पण त्या क्षणाच्या दाबांचं) ०.०१ असेल तर डेल्टा जी उणे ६.७ येतो आणि तपकिरी रंग चढू लागतो.

समीकरण अर्धं करून लिहिलंत तर अमोनियाचा के वर्गमूळ होऊन ७८० च्या आसपास येतो. दोन्ही बरोबर, फक्त समीकरण शेजारी लिहा.

२९८ चा डेल्टा जी नॉट घेऊन टी मात्र ७०० केल्विन टाकू नका. अमोनियाची अभिक्रिया उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) आहे, तिथं के एकाच्या खूप खाली जातो. तरीही कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस ठेवतात, लोखंडाचा उत्प्रेरक घालून. कारण साध्या तापमानाला सहा लाखांचा के असूनही हे दोन वायू नुसते शेजारी बसून राहतात.