हौशी फुटबॉलमध्ये डिफेंडर म्हणून तयार होताना

मी नवी मुंबईतल्या घणसोली गावातली. शाळेत आणि कॉलेजात कबड्डी खेळले, डावा कोपरा. फुटबॉल सुरू झाला तो नोकरी लागल्यावर, महापेच्या ऑफिसातल्या मुलींनी टीम काढली तेव्हा. आता रविवारी सकाळी नेरूळ, वाशी, कधी खारघरच्या टर्फवर सात-सातचे सामने खेळतो, आणि मोठं मैदान मिळालं तर अकरा-अकराचे. मी स्टॉपर, म्हणजे मधली डिफेंडर, खेळते. टीममध्ये नव्याने येणाऱ्या मुलींना डिफेन्स शिकवायचं कामही हळूहळू माझ्याकडे आलं. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. पुरुषांच्या टीमलाही यातलं सगळं लागू पडतं.

हौशी टीममध्ये नवीन खेळाडूला सरळ मागे उभं करतात, का तर तिथे पळावं कमी लागतं. मला हे अजिबात पटत नाही. पुढे चूक झाली तर फक्त बॉल जातो, मागे झाली तर गोल बसतो. मागे तीच व्यक्ती हवी जिला मनापासून मागे खेळायचं आहे. तुम्हाला तसं वाटत असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. समोरून बॉल घेऊन येणारीला लगेच अडवून बॉल काढून घेणं हे आपलं पहिलं काम नाही. पहिलं काम तिचा वेळ खाणं. ती जितकी रेंगाळेल तितक्या आपल्या मुली मागे परततात. कबड्डीत कोपऱ्यावरची खेळाडू चढाई करणारी दिसली की झेप घेत नाही. ती आत येते, पाय टाकते, वजन एका पायावर जातं, तेव्हा पकड होते. फुटबॉलमध्येही नेमकं हेच. नवख्या डिफेंडर सर्वांत जास्त वेळा हरतात त्या धावत जाऊन पाय घालण्यात. समोरची बॉल थोडा सरकवते आणि आपण तिच्या मागे राहतो.

जवळ कसं जायचं, ते शिकून घ्यावं लागतं. बॉल तिच्याकडे जात असतानाच जोरात पळायचं, कारण बॉल हवेत किंवा वाटेत असेपर्यंत ती काही करू शकत नाही. शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये मात्र पावलं छोटी करून वेग मारायचा. दीड मीटरच्या आसपास अंतर ठेवून थांबायचं. पावसात टर्फ ओला असेल तर थोडं जास्त, कारण आपल्यालाही वळताना पाय सरकतो. गुडघे वाकलेले, वजन पंजांवर, टाचा हलक्या. आणि अंग सरळ समोर नको, तिरकं. एक पाय पुढे, एक मागे. सरळ उभं राहिलं की दोन्ही बाजू उघड्या राहतात आणि दोन पायांमधून बॉल जातो तो वेगळाच. तिरकं उभं राहिलं की आपणच तिला एक बाजू दाखवतो: बाहेर, साइडलाइनकडे, किंवा तिच्या कच्च्या पायाकडे. ती कुठल्या पायाची आहे हे वॉर्म-अपमध्येच बघून ठेवा, तेव्हा सगळ्याजणी आपल्या आवडत्या पायानेच शॉट मारतात. नजर बॉलवर. तिचे खांदे, कंबर, डोळे सगळे फसवतात, बॉल फसवत नाही.

याचा सराव असा करा. पाण्याच्या बाटल्या ठेवून चार-पाच मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब पट्टा आखा. एकजण बॉल घेऊन येईल, दुसरीने हात पाठीमागे बांधायचे आणि पाय घालायचाच नाही. फक्त तिच्या आणि शेवटच्या रेषेच्या मध्ये राहायचं, मागे सरकत सरकत तिला एका कडेला ढकलायचं. आधी चालत, मग जॉगिंगच्या वेगाने, मग पूर्ण वेगाने. हात बांधल्यावर तोल फक्त पावलांनी सांभाळावा लागतो, म्हणून पावलं पटकन सुधारतात. शिवाय पेनल्टी बॉक्समध्ये शॉट किंवा क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेला बॉल) अडवताना हँडबॉल टाळायला हात असेच मागे घ्यावे लागतात, ती सवयही लागते. हे जमल्यावरच पाय घालायची मुभा द्या. मुलींना हा सराव सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते यापेक्षा उपयोगी दुसरा नाही. मैदान नसेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतो.

पाय घालायचे क्षण ठरलेले असतात. तिचा पहिला टच लांब गेला. तिने मान खाली घातली. ती गोलकडे पाठ करून बॉल घेते आहे आणि वळायला बघते आहे. किंवा आपल्या मागे आपली दुसरी मुलगी आधाराला येऊन उभी राहिली. यातलं काही घडलं की मग कचरायचं नाही, पुढच्या पायाने बॉल टोचून काढायचा. मध्येच थबकलं की फाउलही होतो आणि इजाही. स्लाइड टॅकल, म्हणजे घसरत जाऊन बॉल काढणं, शिकायची घाई करू नका. आर्टिफिशियल टर्फवर मांडी आणि गुडघा सोलून निघतो, आणि एकदा जमिनीवर पडलेली डिफेंडर पुढचे दोन सेकंद टीमच्या काहीच कामाची नसते.

बॉल आपल्याकडे नसताना कुठे उभं राहायचं, यात खरी मजा आहे. जिला मार्क करतो, म्हणजे जी आपल्या जबाबदारीची आहे, तिच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये, पण किंचित बॉलच्या बाजूला. अंग असं वळवलेलं की मान थोडी फिरवली तरी बॉल आणि ती, दोन्ही दिसतील. फक्त बॉलकडे बघत राहणं हा हौशी डिफेन्सचा जुना रोग आहे. दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागे बघा. सरावात कुणीतरी मागे उभं राहून बोटं दाखवावीत आणि आपण खेळता खेळता आकडा ओरडायचा. लाइनसाठी, म्हणजे आपल्या डिफेंडरच्या आडव्या रांगेसाठी, एकच नियम पाठ करा. बॉल असलेल्या खेळाडूवर दबाव नसेल आणि ती मान वर करून लांब पास द्यायला बघत असेल तर मागे सरका. ती वळली, किंवा तिने मागे पास दिला, तर सगळ्याजणी मिळून पुढे या.

सात-सातच्या टर्फवर बहुतेक ठिकाणी ऑफसाइड, म्हणजे आपल्या लाइनच्या मागे आधीच जाऊन उभ्या राहिलेल्या स्ट्रायकरला पास घ्यायची मनाई, नसतो, त्यामुळे तिथे लाइन वर ठेवण्याचा काही फायदा नाही. एकीने कायम मागे राहावं. मोठ्या मैदानावर गेल्यावर लक्षात ठेवा की ऑफसाइड पास सुटतो त्या क्षणी मोजतात, बॉल पोचतो तेव्हा नाही. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. थ्रो-इनला आपली लाइन निवांत उभी आणि त्यांची स्ट्रायकर मागून मोकळी, हे मी फार वेळा बघते. हात वर करून रेफ्रीकडे बघायच्या आधी तिच्यामागे पळा.

बोलणं हा डिफेन्सचा अर्धा भाग आहे. मागून सगळं मैदान आपल्याला दिसतं, पुढच्यांना नाही. आमच्या टीममध्ये मराठी, मल्याळी, बंगाली, सगळ्याच मुली आहेत, म्हणून शब्द आधीच ठरवून घेतले: ‘माझा’, ‘सोड’, ‘मागे आहे’, ‘टाइम आहे’, ‘लाइन वर’. शब्द छोटा, आवाज मोठा, आणि नाव आधी. नुसतं ‘मार्क करा’ म्हटलं की कुणीच करत नाही.

हेडरला बहुतेकजणी घाबरतात. हलका बॉल घ्या, मैत्रिणीला हाताने वर उडवायला सांगा, डोळे उघडे ठेवून कपाळाने, केस सुरू होतात त्याच्या जरा खाली, बॉल मारा. मान ताठ, जोर कमरेतून. एका वेळी थोडेच करा. डोक्याला डोकं लागलं आणि गरगरलं, तर त्या दिवशी परत खेळायचं नाही, टीम कितीही अडचणीत असो.

कॉर्नरला कोण कुणाला धरणार हे किक व्हायच्या आधी ठरलेलं हवं. आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमाचा अंतिम सामना 20 डिसेंबर 2014 ला झाला. केरला ब्लास्टर्सच्या डिफेन्सने कोलकात्याला पूर्ण नव्वद मिनिटं रोखलं होतं, आणि भरपाई वेळेत कॉर्नरवर कोलकात्याच्या मोहम्मद रफीकने हेडर मारून सामना नेला. त्याच मैदानावर 2022 च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल स्पेनने कोलंबियाविरुद्ध 1-0 ने जिंकली, तीही स्वयंगोलमुळे. म्हणून गोलसमोर आलेल्या क्रॉसवर शक्य असेल तेव्हा अंग आधी वळवून घ्या, छाती साइडलाइनकडे, मग बॉल उंच आणि बाहेर मारा. गोलकडे तोंड करून पाय लावावाच लागला तर बॉल गोलच्या चौकटीबाहेर जाईल असा लावा, कॉर्नर गेला तरी चालेल. मैदानाच्या मध्यावर क्लिअर करू नका. गोलकीपरला पास देताना तो चौकटीच्या बाहेरच्या बाजूला द्या, आणि हे विसरू नका की पायाने मुद्दाम दिलेला पास तिला हातात घेता येत नाही; हा नियम 1992 पासून आहे. पावसाळ्यात मातीच्या मैदानावर असा पास देऊच नका, तो डबक्यात थांबतो.

शरीराची तयारी लांब पळून होत नाही. पाम बीच रोडवर तासभर जॉगिंग करणाऱ्या मुली पहिल्या दहा मीटरच्या स्प्रिंटला मागे पडतात. डिफेंडरला लागतं ते दहा-पंधरा मीटरचं जोराचं पळणं, उलटं पळत अचानक वळणं, आडवी पावलं, उडी. सामन्याआधी फिफा 11+ हा वॉर्म-अप करा. वीसेक मिनिटांचा आहे, इजा टाळण्यासाठीच बनवलेला, आणि त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम कधीही चुकवू नका. गुडघ्यांवर बसायचं, मैत्रिणीने घोटे धरायचे, आणि सरळ अंगाने हळूहळू पुढे झुकायचं. दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा भाग बोंब मारतो, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका.

बुटांचं थोडक्यात: टर्फवर छोट्या रबरी गुंड्यांचे टर्फ शूज, माती-गवतावर स्टड. उलट केलं तर घोटा आणि गुडघा मुरगळतो. शिनगार्ड सरावालाही घाला.

नोकरी करून हे सगळं आठवड्यात बसवायचं तर मंगळवारी पट्ट्यातला सराव, गुरुवारी छोटे स्प्रिंट आणि हेडर, शनिवारी आराम, रविवारी सामना. एकच दिवस जमणार असेल तर मंगळवारचा धरा.