समुद्री कासवांचं सॅटेलाइट ट्रॅकिंग: या चुका टाळा

नकाशावर ठिपका दिसला म्हणजे कासव तिथंच आहे, असं धरून चालणं ही सर्रास होणारी चूक. कासवाच्या पाठीवरच्या टॅगचे (संदेश पाठवणाऱ्या यंत्राचे) संदेश उपग्रहांमार्फत टिपून जागा काढणारी आर्गोस यंत्रणा प्रत्येक नोंदीला दर्जा देते. दर्जा ३ असेल तर खऱ्या जागेपासूनचा फरक २५० मीटरच्या आत, दर्जा ० असेल तर दीड किलोमीटरहून जास्त. ए आणि बी दर्जावरून तर फरकाचा अंदाजही बांधता येत नाही. कासव श्वास घेण्यापुरतंच वर येतं, त्यामुळे हलक्या दर्जाच्या नोंदीच जास्त हाती लागतात. त्या सरसकट टाकू नका, पण गाळल्याशिवाय वापरूही नका. ठिपका डोंगरावर चढला असेल किंवा दोन ठिपक्यांमधला वेग कासवाला झेपणारा नसेल, तर ती नोंद बाद. संरक्षित क्षेत्राची हद्द आखायची असेल तर सरळ फास्टलॉक जीपीएसचा (क्षणभर वर आल्यावरही नेमकी जागा टिपणारा) टॅग घ्या.

सिग्नल थांबला की कासव मेलं, हा निष्कर्षही घाईचा. बॅटरी संपते, अँटेना मोडते. शिवाय टॅगवर खाऱ्या पाण्याचा सेन्सर असतो; टॅग पाण्याबाहेर आला तरच तो संदेश पाठवू देतो. त्यावर शेवाळ आणि बार्नॅकल (चिकटून वाढणारे शिंपल्यासारखे जीव) चढले की टॅग स्वतःला सतत पाण्याखालीच समजतो आणि गप्प बसतो. शेवाळरोधक रंग जरूर लावा, पण सेन्सरची टोकं उघडी ठेवून.

खरी काळजी उलट प्रकारात. अचानक दिवसभर संदेश येतायत, दर्जा उत्तम, बुडी मात्र एकही नाही? टॅग सुटून तरंगत असेल, कासव मेलेलं असेल किंवा कुणाच्या होडीत असेल. ठिपका प्रवाहाबरोबर वाहतोय की सरळ बंदराकडे निघालाय, ते आधी बघा.

टॅग पाठीवर चिकटवताना एपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या गोंदाचा) जाड थर एकदम देऊ नका. घट्ट होताना ते तापतं. लेदरबॅक जातीच्या कासवाच्या पाठीवर कठीण खवले नसतात, तिथं ही पद्धत चालतच नाही.

टॅग बहुतेक अंडी घालायला आलेल्या माद्यांनाच लागतात, कारण त्या किनाऱ्यावर सापडतात. त्यांच्या वाटेला 'कासवांचा मार्ग' म्हणू नका. नर आणि पिल्लं त्यात नसतात.

आणि माहिती शोधनिबंध छापून येईपर्यंत दाबून ठेवू नका. १९९६ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातून सोडलेली अडेलिता ही लॉगरहेड जातीची मादी प्रशांत महासागर ओलांडून जपानकडे गेली. अशा वाटेवरच्या प्रत्येक देशाला जाळी कधी आवरायची हे वेळेत कळायला हवं. ताजी ठिकाणं मात्र जाहीर करू नका, चोरटेही नकाशे वाचतात. आकडे देताना नोंदींचे दर्जे आणि गाळणीचे निकष सोबत जोडा, नाहीतर समोरच्या देशाला ते आपल्या नोंदींशी जुळवता येत नाहीत.