विंडोज १० वरून ११ वर जाताय? बटण दाबायच्या आधी एवढं उरकून घ्या

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी आपल्याकडे घरात, अकाउंटंटच्या ऑफिसात, डीटीपीवाल्याकडे अजून तेच चालू असतं, आणि पीसी काही त्या तारखेला बंद पडला नाही त्यामुळे कोणाला घाईपण नाही. पण सिक्युरिटी अपडेट थांबले की त्याच मशीनवर नेटबँकिंग आणि जीएसटी भरत बसणं बरं नाही. अपग्रेड स्वतः सोपंय हो, नेक्स्ट नेक्स्ट करत होऊन जातं, रडारड होते ती आधीची कामं न केल्यामुळे, आणि ती कामं उलटसुलट क्रमाने केल्यामुळे.

पहिलं म्हणजे मशीन चालणार का ते बघा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट अॅप आहे, ते टाकलं की हो का नाही ते सांगतं. लागतं काय, तर ४ जीबी रॅम (हे कागदावर, खरं तर ८ च्या खाली मजा नाही), ६४ जीबी स्टोरेज, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर, म्हणजे ढोबळमानाने इंटेलचा आठवी जनरेशन आणि पुढचा, किंवा रायझन २००० सिरीजपासून पुढचा. जनरेशन ओळखायला डॅशच्या पुढचे आकडे बघायचे, आय५-७२०० म्हणजे सातवी, आय५-८२५० म्हणजे आठवी. आणि अॅपने टीपीएम नाही म्हटलं म्हणून लगेच नवा लॅपटॉप बघायला धावू नका, बऱ्याच मशीनमध्ये तो असतो पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सेटिंग) बंद ठेवलेला असतो, इंटेलवाल्यांत पीटीटी आणि एएमडीवाल्यांत एफटीपीएम अशा नावाने सापडतो. फक्त तो चालू करायला आत्ताच बायोसमध्ये जाऊ नका, आधी पुढचं वाचा.

बॅकअप. सगळ्यांना माहितीये आणि सगळे म्हणतात "डी ड्राइव्हला टाकलंय ना". अहो डी ड्राइव्ह बऱ्याचदा त्याच हार्डडिस्कचा दुसरा तुकडा असतो, एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत पैसे ठेवल्यासारखं, कपाट गेलं की दोन्ही गेले. वेगळी एक्स्टर्नल डिस्क घ्या. वनड्राइव्हपण सिंक आहे, इकडे डिलीट केलं की तिकडेही डिलीट होतं, त्यामुळे त्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जाणारच नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या (आधी आतलं काढून ठेवा म्हणजे झालं). फोटो आणि डॉक्युमेंट सगळे घेतात, राहून जातात त्या गोष्टी वेगळ्याच: आउटलुकची पीएसटी फाइल (त्यात मेल साठवलेले असतात), टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले सेव्ह पासवर्ड, आणि डेस्कटॉपवर "नवीन फोल्डर (३)" मध्ये पडलेलं सगळं. कॉपी झाल्यावर दुसऱ्या मशीनवर दोनचार फाइल उघडून बघा, नुसती कॉपी झाली म्हणजे उघडते असं नसतं.

मराठीत टायपिंग करणाऱ्यांसाठी हे खास. श्रीलिपी किंवा तसले जुने नॉन-युनिकोड फॉन्ट वापरत असाल तर ते फॉन्ट वेगळे काढून ठेवा, नाहीतर वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका आणि अहवाल उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. नेहमीचे फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, पण एकट्या युजरपुरते इन्स्टॉल केलेले त्याच्या अॅपडेटा फोल्डरमध्ये लपलेले असतात, तेही घ्या. सॉफ्टवेअर डाँगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालत असेल तर डाँगलचा नवा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर, जुन्या लेझर प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर, हे सगळं आधीच डाउनलोड करून एका फोल्डरमध्ये ठेवा. विंडोज ११ ला ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे सध्याचं विंडोज ३२ बिट असेल तर असं वरच्यावर अपग्रेड होत नाही, कोरंच टाकावं लागतं. रिटर्न भरायच्या किंवा टेंडरच्या शेवटच्या आठवड्यात हा उद्योग अजिबात नको.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन. नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये काही बदललं की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागते, ती नसेल तर डेटाला राम राम, दुकानदारपण काही करू शकत नाही. त्यामुळे बायोसला हात लावायच्या आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की कागदावर लिहून घ्या, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून काय उपयोग, आणि बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा.

जुन्या मशीनमध्ये अजून एक अडचण येते, विंडोज लेगसी मोडमध्ये, म्हणजे बायोसच्या जुन्या पद्धतीत टाकलेलं असतं. सिस्टम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड बघा, तिथे यूईएफआय (नवी पद्धत) असेल तर पुढे चला, लेगसी असेल तर डिस्क एमबीआरची जीपीटी करावी लागेल, म्हणजे तिच्या विभागणीची जुनी पद्धत बदलून नवी. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न घालवता काम करतं, पण आधी त्याचा व्हॅलिडेट ऑप्शन चालवून बघा आणि मगच कन्व्हर्ट. डिस्क आधी, बायोसमधला यूईएफआय नंतर. उलटं केलंत तर विंडोज बूटच होणार नाही आणि मग रात्री अकरा वाजता भाच्याला फोन.

बाकी किरकोळ. सी ड्राइव्हवर ३०-४० जीबी मोकळी करा, फक्त साफसफाई करताना डाउनलोड्सवर टिक पडलीये का बघा, नाहीतर तेही साफ. बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाका. प्रिंटर, पेनड्राइव्ह सगळं उपसा, कीबोर्ड माऊस पुरे. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच, गावाकडे लाइट कधी जाईल काय सांगता येतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर डाउनलोड ५ जीबीच्या वर जातं, दिवसाच्या डेटा पॅकमध्ये बसणार नाही. लायसन्सचे पैसे मात्र लागत नाहीत, विंडोज १० ओरिजिनल अॅक्टिव्हेटेड असेल तर ११ फुकट.

प्रोसेसरच बसत नसेल तर चेक बायपास करायच्या युक्त्या ढीगभर मिळतील, पण अपडेट मिळतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि कोअर टू ड्युओसारख्या जुन्या मशीनवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती (२०२४ ची) चालतच नाही. कामाच्या मशीनवर मी तरी हे करणार नाही. त्यापेक्षा घरगुती वापरासाठी विंडोज १० चे वाढीव सिक्युरिटी अपडेट आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे, त्यात नाव नोंदवा किंवा सरळ लिनक्स टाका.

अपग्रेड झाल्यावर जुनं विंडोज "विंडोज डॉट ओल्ड" फोल्डरमध्ये १० दिवस राहतं आणि रिकव्हरी सेटिंगमधून परत जाता येतं, म्हणून जागा खातंय म्हणून लगेच उडवू नका. त्या दहा दिवसांत प्रिंट काढून बघा, टोकन लावून एक सही करून बघा, टॅली उघडा, जुनी मराठी फाइल उघडा, आणि सस्पेंड केलेला बिटलॉकर परत चालू झालाय का तेही बघा.